बिनतेलाचं घड्याळ

“हात मागे घ्या, बाबा.”

“लावला कुठे? नुसता बघतोय.”

“बोटांनी बघताय?”

बाबांनी हात पाठीमागे नेले आणि दुकानात पुन्हा येरझारा सुरू केल्या. दारापासून कपाटापर्यंत सात पावलं, वळायचं, पुन्हा सात पावलं. गेले सव्वीस दिवस हेच चाललं होतं. मधल्या टेबलावर उंच लाकडी पेटीत त्यांचं घड्याळ चालू होतं. पेटीला तबकडीपुरती काच होती. दारावर मापन कार्यालयाचं लाखेचं सील होतं आणि अट एकच होती, तीस दिवस ते दार कुणी उघडायचं नाही. रोज सकाळी आठला मी रेडिओवरच्या वेळेशी घड्याळ ताडून बघायचं आणि नोंदवहीच्या दोन रकान्यांत लिहायचं. एकात फरक, दुसऱ्यात शेरा. शेरा फक्त घड्याळाबद्दल हवा, घरच्या कहाण्या नकोत, असं तपासनीस साहेबांनी बजावलं होतं. सव्वीस दिवस मी त्यात ‘काही नाही’ एवढंच लिहीत आले होते.

ज्या माणसाने जन्मात एकही वस्तू उघडून बघितल्याशिवाय सोडली नाही, त्याला ही सक्तमजुरीच होती. गल्लीत त्यांना सगळे सेकंदकाका म्हणत. कुणी ‘एक मिनिट थांबा हं’ म्हणालं की हे खिशातलं घड्याळ काढून थांबायचे आणि साठ सेकंद झाले की निघून यायचे. शेजारच्या न्हाव्यासाठी त्यांनी उलटं फिरणारं घड्याळ केलं होतं. ते समोरच्या आरशात सुलटं दिसायचं, त्यामुळे खुर्चीतलं गिऱ्हाईक खूश आणि रस्त्यावरून आत डोकावणारा वेड्यासारखा बघत उभा. टेलिफोन ऑफिसातल्या एका अंध बाईंना त्यांनी बिनकाचेचं घड्याळ दिलं, काटे चाचपून वेळ कळणारं. त्या बाई बढती मिळाल्यावर पेढे घेऊन नाही आल्या, पण बाबांचा हात हातात घेऊन पाच मिनिटं रडून गेल्या. आईसाठी केलेला गजर मात्र अंगाशी आला. अंथरुणातून उठून चार पावलं चालल्याशिवाय तो थांबतच नसे. आईने पहिल्याच सकाळी चार पावलं चालून तो पाण्याच्या बादलीत बुडवला. बाबांनी रागावण्याऐवजी तो पाण्यातही वाजेल असा करायला घेतला. तेव्हापासून आईने त्यांच्याशी या विषयावर वाद घालणं सोडलं.

पण एकोणीस वर्षं त्यांच्या डोक्यात भुणभुण होती ती या बिनतेलाच्या घड्याळाची. घड्याळातलं तेल वाळतं, घट्ट होतं, आणि घड्याळ मागे पडू लागतं. डोंगरावरच्या एखाद्या हवामान केंद्रात दोन-दोन वर्षं घड्याळजी पोचत नाही, तिथे काय करायचं? बाबांनी आतले दाते अशा घडणीचे केले की ते एकमेकांवर घासतच नाहीत, नुसते टेकतात आणि सुटतात. चाचणीत ते उतरलं की ही रचना त्यांच्या नावावर नोंदली जाणार होती. याआधी दोनदा ते नापास झालं होतं. दोन्ही वेळा लंबकाचा केसाएवढा बारीक आस वाकला होता. या वेळी तो आस मी केला होता, कारण बाबांचा हात आता थरथरायचा. हे त्यांनी तपासनीस साहेबांना सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, पण मनात ते खुपत होतं.

येरझारा थांबल्या. बाबांनी पेटीच्या लाकडाला कान लावला.

“अडखळतंय.”

“काय?”

“चार ठोके नीट, मग एक चुकतो. ऐक.”

मी कान लावला. टक, टक, टक, टक. अगदी स्वच्छ. “काही नाहीये. सरळ चाललंय.”

“तुझा कान अजून तयार नाही.” त्यांनी पुन्हा ऐकलं. “आस आहे तो. तू घासत होतीस तेव्हाच वाटलं होतं मला, एका टोकाला जास्त गेलाय.”

“तेव्हाच वाटलं होतं तर तेव्हाच बोलायचं!” मी भडकले. “चौदा वर्षं या टेबलाशी बसतेय. गल्लीतली निम्मी घड्याळं माझ्या हाताखालून जातात आणि तुम्हाला वाटतं तुम्हीच दुरुस्त करता. काही बिघडलं की मात्र माझा आस!”

आई मागच्या खोलीतून बाहेर आली. “आधी बसा तुम्ही. धाप लागलीय बघा. डॉक्टरकडे चला म्हणतेय मी महिनाभर.”

“तीस दिवस होऊ देत.”

“घड्याळाचे की तुमचे?” आई म्हणाली आणि दळण आणायला निघून गेली. मीही पिशवी उचलून भाजीला गेले. तिथे थांबले असते तर तोंडून आणखी काहीतरी गेलं असतं. रागाच्या भरात टोमॅटो दाबून बघितले आणि भाजीवालीच्या शिव्या खाल्ल्या.

अर्ध्या तासाने परतले तेव्हा लाखेचे लाल तुकडे बशीत होते आणि पेटीचं दार उघडं होतं. बाबा डोळ्याला भिंग लावून आत वाकले होते.

“बाबा!” माझ्या हातातली पिशवी खाली पडली. “चार दिवस! चारच दिवस राहिले होते हो!”

ते वळले नाहीत. “आस सरळ आहे,” ते म्हणाले. “टोकापासून टोकापर्यंत. मी तरुणपणी केला असता तरी इतका सरळ झाला नसता.”

चौदा वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. आणि त्या क्षणी मला ते अजिबात नको होतं.

“मग कशाला उघडलंत?”

“ठोका चुकतोय ना.” त्यांनी बोट पुढे करून लंबक थांबवला. दुकान एकदम गप्प झालं. त्यांनी पेटीला कान लावला, तसाच बराच वेळ ठेवला. मग डोळ्याचं भिंग काढून हळूच टेबलावर ठेवलं.

“ऐक बरं.”

मी कान लावला. थांबलेल्या घड्याळात काय ऐकू येणार?

“काहीच नाही, बाबा.”

“मला येतंय,” ते म्हणाले. “चार नीट, एक चुकतोय.”

मी त्यांचं मनगट धरलं. चार नीट, मग एक पोकळ जागा, मग घाईघाईने पुढचा. माझ्याहून आधी त्यांना कळलं होतं. त्यांचा कान आयुष्यात कधी चुकला नव्हता, याही वेळी चुकला नाही. फक्त बिघाड त्यांना वाटला तिथे नव्हता.

“लाख आहे आपल्याकडे,” मी म्हणाले. “मी सील परत बसवते. घड्याळ रेडिओवर लावून घेते. साहेबांना काही कळायचं नाही.”

“कळायचं नाही,” ते म्हणाले. “दे ती वही.”

लिहायला त्यांना फार वेळ लागला. शेऱ्याच्या रकान्यात वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, ‘सील मी फोडलं. घड्याळात दोष नव्हता.’ मग खाली आणखी एक ओळ घातली, ‘आस माझ्या मुलीने केला आहे.’

सोमवारी तपासनीस साहेब आले. त्यांनी ते दोनदा वाचलं, नियम नियम असतो म्हणाले, नवं सील लावलं आणि नवी वही दिली. पुन्हा पहिल्यापासून तीस दिवस. डॉक्टरांनी बाबांना चालायला बंदी केली होती, म्हणून ते टेबलाशेजारच्या खुर्चीत बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात शिवशिवत असणारच. पण पेटीला कान मात्र त्यांनी परत लावला नाही.

“ऐकायचंय का?” मी एकदा विचारलं.

“नको. ते आता तुझं काम.”

एकोणिसाव्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. सातपर्यंत घर माणसांनी भरलं. न्हावी आला, टेलिफोनवाल्या अंध बाई काठी टेकत आल्या. मी भिंतीला पाठ लावून बसले होते, कोण काय बोलतंय ते मला ऐकू येत नव्हतं. आईने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“आठ वाजत आले,” ती म्हणाली. “जा.”

मी दुकानात गेले. खुर्ची रिकामी होती. रेडिओ लावला, घड्याळाकडे बघत उभी राहिले आणि वही उघडली. फरक, अर्धा सेकंद. पुढचा रकाना शेऱ्याचा. पेन त्याच्यावर धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेरा फक्त घड्याळाबद्दल हवा होता.

मी लिहिलं, ‘काही नाही.’