दगडाखालची बाळंतीण

मी एका फार जुन्या घराण्यातली विंचवीण आहे. जुन्या म्हणजे किती, मित्रांनो? तुम्ही नव्हता, तुमची गाईगुरं नव्हती, झाडाला फूल येतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा माझे पूर्वज समुद्रातून जमिनीवर आले म्हणतात. या पृथ्वीने आमचे लाड कधीच केले नाहीत. कधी बर्फ पसरलं, कधी पाणी आटलं. पिंपरीच्या माळावरचा हा काळा दगडसुद्धा एके काळी वाहती आग होता. डोंगराएवढी जनावरं संपली. आमच्यातल्या ज्यांना फटीत दडता आलं, महिनोन्‌महिने उपाशी राहता आलं, ते जगले. त्यांचीच पिलं पुढे वाढली. आग निवली, तेव्हा आम्ही त्याच दगडाखाली संसार मांडला.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात त्या माळावर कारखान्यासाठी सपाटीचं काम निघालं. मी तेव्हा ओली बाळंतीण होते. पाठीवर चोवीस पिलं, तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी. पहिली कात टाकेपर्यंत त्यांना खाली उतरून चालत नाही. उतरलेलं पिलू वाळून मरतं. मला अजून एकच दिवस हवा होता.

सकाळीच पहार लागली आणि माझं छप्पर उडालं.

मी जवळच्या सावलीकडे धावले. ती सावली झोळीची होती. झोळीत गोजाबाई या मजुरणीची तान्ही मुलगी झोपली होती.

"इच्चू! गोजे, पोर उचल!" तिच्या जोडीची शालनबाई किंचाळली.

गोजाबाईने एका हाताने लेक उचलली, दुसऱ्या हातात दगड घेतला.

"बघता काय? ठेचा!" मुकादम अर्जुनराव लांबूनच ओरडले.

"आपसूक मरंल ती, मुकादम. पिल्लंच आईची पाठ खात्यात. बघा कशी चिकटल्यात!" शालनबाई म्हणाली.

"तुझ्या पाच पोरांनी तर तुला जराबी खाल्लेलं दिसत न्हाई!" अर्जुनराव म्हणाले.

पिलांवरचा हा आळ फार जुना आहे. मी नांगी उभारली. हात जवळ आला की मारायचीच, असं ठरवलं होतं. तेवढ्यात एक पिलू धुळीत पडलं. पळायला हवं होतं, मी थांबले. ते धडपडत माझ्या पायावर आलं आणि पायावरून पाठीवर चढलं.

गोजाबाईचा दगड वरच राहिला.

"खात न्हाई गं," ती म्हणाली. "वर चढतंय. आईला धरतंय."

"मग आता ओवाळतीस का तिला?" अर्जुनराव खेकसले.

तिने दगड टाकला, लेक शालनबाईकडे दिली. घमेलं आडवं लावून फावड्याने मला आत लोटलं आणि कामाच्या हद्दीपलीकडच्या दगडांत भिरकावलं. तिला माझी माया वगैरे आली नव्हती. "पुन्यांदा हिकडं दिसलीस तर ठेचीन, भवाने!" म्हणून ती थुंकली.

पडताना तीन पिलं गेली. उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी कात टाकली आणि एकेक करून ती आपापल्या वाटेने निघून गेली.

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करा असं मी म्हणणार नाही. चपला झटकून घाला, दगडाखाली उघडा हात घालू नका; घातलात तर मी डंख मारणारच. पण मी पळत असेन, तर आधी माझ्या पाठीकडे बघा. मग काय तो दगड उचला.