कुठवर गेलंय

माझी बायको तेवीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे. मग डॉक्टरीणबाई ते बघून आजार ठरवतात. मी चष्मे दुरुस्त करणारा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तिच्या लघवीत रक्त दिसलं तेव्हा ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून मी मोकळा झालो. ती मात्र पांढरीफटक पडली होती.

मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी असते ना, तिच्या वरच्या तोंडाशी गाठ निघाली. दुर्बीण घालून कणभर तुकडा काढला, कॅन्सरच होता. मी सर्जनना विचारलं, “स्टेज कितवी?”

“एवढ्याशा तुकड्यावरून त्याची जात कळते, खोली नाही. मूत्रपिंड आणि नळी सबंध काढल्यावरच नक्की सांगता येईल.”

म्हणजे आधी अवयव द्यायचा आणि मग किती घाबरायचं ते कळणार!

ऑपरेशन झालं. रिपोर्ट आठवड्यात येणार होता. दहा दिवस झाले तरी पत्ता नाही.

“कामं साचली असतील,” मी म्हणालो.

“शंका आली की पुन्हा काप मागवतात. तेव्हाच उशीर होतो,” ती म्हणाली. मग भिंतीकडे बघत, मी न विचारताच सांगू लागली, “नळीला आत अस्तर असतं. त्याखाली पातळ थर, मग स्नायू, बाहेर चरबी. अस्तरातच राहिलं तर निभावलं. थरात शिरलं की पहिली स्टेज, स्नायूत दुसरी, चरबीत तिसरी. लिम्फच्या गाठींत किंवा शेजारच्या अवयवात गेलं की चौथी.”

यापेक्षा अडाणी बायको परवडली असती, असं क्षणभर वाटून गेलं.

लॅबमधली तिची मदतनीस, जिला ती ‘चिमणी’ म्हणते, फोन उचलत नव्हती. अकराव्या दिवशी बायको टाक्यांवर उशी दाबून टॅक्सीत बसली. मी नको नको म्हणत मागोमाग.

चिमणी काप काढायच्या यंत्राशी बसली होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला.

“ताई, तुम्ही कशाला आलात?”

“फोन का उचलत नाहीस?”

“काय सांगू फोनवर?” पोरीचे डोळे भरले. “डॉक्टरीणबाईंनी आणखी काप मागितलेत. मेणाच्या ब्लॉकमध्ये तुमचा तुकडा आहे म्हटलं की चाक नीट फिरवताच येत नाही. दोनदा काप फाटले.”

“ऊठ, मी काढते.” बायको वाकली आणि कळ येऊन टेबल धरून उभी राहिली. बसणं शक्यच नव्हतं. मग ती चिमणीच्या पाठीशी उभी राहिली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. “श्वास सोड. आता चाक फिरव. सावकाश. माझा आहे हे विसर.”

मेणाची पातळ पट्टी सरसरत बाहेर आली. अख्खी. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. “एकाच जागी, पण चरबीत शिरलंय. लिम्फच्या गाठी स्वच्छ आहेत.”

“म्हणजे तिसरी,” बायको म्हणाली. आवाज अगदी कामावरचा. जिना उतरताना मात्र मधल्याच पायरीवर तिनं माझी बाही घट्ट धरली. “अहो, मला फार भीती वाटतेय.” इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. धीर द्यायला म्हणून तोंड उघडलं. “मलाही,” एवढंच म्हणालो.

केमोचे चार डोस झाले. त्या कडक औषधांतही उरलेलं मूत्रपिंड टिकलं. हा आजार खाली मूत्राशयात पुन्हा डोकं काढू शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघतात. त्याच्या आधी दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नाही, माझ्याही. गेल्या मंगळवारी दुसरी तपासणी झाली. काही सापडलं नाही. घरी येऊन ती दुपारभर गाढ झोपली. मी दार लोटून बाहेर पायरीवर बसून राहिलो.