क्लच कडुबाचा, गिअर काकासाहेबांचा

"दाब," काकासाहेब म्हणाले.

कडुबाने क्लच दाबला. शेजारच्या सीटवरून काकासाहेबांचा उजवा हात आला, त्याने गिअरचा दांडा धरला आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात ढकलला.

"सोड."

कडुबाने पाय सोडला. दौलताबादच्या रस्त्यावर गाडी पुढे सुटली.

अर्धांगवायूने काकासाहेबांची डावी बाजू गेली, तेव्हापासूनची ही व्यवस्था. उजवा हात तेवढा शाबूत होता आणि डाव्या सीटवर बसलं की दांडा नेमका त्याच हाताशी येई. स्टिअरिंग, ब्रेक, क्लच ड्रायव्हरचे, गिअर मालकांचा. आरटीओच्या नियमांत अशा जोडीची सोय नाही. पण त्यांना मनाई करायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

शेंद्र्याची जमीन कारखान्यांत गेली तेव्हा मिळालेल्या पैशांत भावकीने मंगल कार्यालयं बांधली. काकासाहेबांनी तीन जुन्या स्पोर्ट्स कार घेतल्या, तिन्ही हाताने गिअर टाकायच्या. शहरातले रस्ते तिसऱ्याच्या वर जाऊ देत नसत. वरचे गिअर चांदीच्या ताटांसारखे सणासुदीला, समृद्धी महामार्गावर निघत. अमेरिकन गाडीचा दांडा म्हणजे हापसा. सगळं अंग लावावं तेव्हा कुठे काम होई. जपानी गाडीला मनगट पुरे. कॅरमची सोंगटी खिशात पडावी तसा टक्कन गिअर पडे. जर्मन गाडी मात्र इंजिन तापेपर्यंत दुसरा गिअर घेतच नसे.

"गाडी नाय, जावई हाये हा," काकासाहेब म्हणत. "मान दिला तरच घरात येतो."

पहिल्या दोन गाड्या काकासाहेबांच्या मुलाने, शिवराजने, विकून टाकल्या. जावई राहिला. शिवराज नवीन ऑटोमॅटिक घ्यायला सांगे.

"त्यात मी काय करू? पोत्यासारखं बसू?"

"आराम करा, बाबा."

"तेच करतोय की पडल्यापासून."

दिवाळीनंतर गिअर कुरकुरू लागला. काकासाहेब सवयीने "सोड" म्हणत, कडुबा पाय सोडी, आणि अर्ध्यावरच राहिलेल्या गिअरचे दात खाडकन वाजत. मालकांच्या हाताचं वजन आता दांड्यावर पडत नव्हतं. कडुबाला हे डॉक्टरांच्या आधी कळलं.

"मधीच पाय सोडतो काय रं?"

"व्हय मालक. गुडघा धरतोय जरा."

कडुबाचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. छावणीतून बंगल्यापर्यंत तो रोज सायकल मारत येई. आता ती तो कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे लावू लागला आणि तिथून पुढे लंगडत येऊ लागला. काकासाहेबांची तब्येत त्या दिवसापासून थोडी सुधारली. घरात आणखी कुणाचं तरी काहीतरी बिघडलं होतं. त्यांनी स्वतःची मलमाची बाटली कडुबाला दिली आणि सकाळ-संध्याकाळ चौकशी सुरू केली.

मग एकदा खुलताबादच्या घाटात, ऐन चढावर, तिसऱ्यातून दुसरा पडेना. कडुबाने गाडी ब्रेकवर धरली. मागून जीपवाला हॉर्न देत होता. काकासाहेबांनी दांडा ओढला, पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा बोटं दांड्यावरून नुसती घसरून मांडीवर पडली. कडुबाचा डावा हात मोकळाच होता. त्याने तो स्टिअरिंगवर घट्ट धरून ठेवला.

"पाय पुरता दाबतो का नाय तू?"

"तेच तर जमंना, मालक."

काकासाहेबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाले, "टाक तूच."

कडुबाने दांड्यावर हात ठेवला. इंजिन तापलेलं होतं. क्लच नीट दाबला असता तर दोन बोटांनी गिअर पडला असता. त्याने अर्धाच दाबला आणि दांडा ओढला. गाडी अशी ओरडली, की मागच्या जीपवाल्याने हॉर्न बंद केला.

"बघ," काकासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "लईच गेला रे तुझा पाय."

"व्हय."

"इकून टाकू ही. माझ्या नादात तुला लंगडा करायचा नाय मला. शिवराज म्हणतो तसली घेऊ, बिनक्लचची."

"राहू द्या मालक. होईल बरा."

"गप. तुझ्यासाठी घेतोय, माझ्यासाठी नाय."

खरं सांगून गाडी वाचत नव्हती; वाचला असता तो फक्त गुडघा. कडुबाने गुडघ्यावरून हात फिरवला.

जर्मन गाडी नाशिकच्या कुणीतरी नेली. नवीन गाडी आवाज न करता चालू झाली आणि कुणालाही न विचारता स्वतःच गिअर बदलत जालना रोडने दवाखान्यात पोचली. काकासाहेबांचा उजवा हात वाटभर मांडीवर पालथा पडून होता. सिग्नलला एकदा तो किंचित उचलला गेला, मग परत खाली गेला. त्या वेळी कडुबा मुद्दाम उजवीकडच्या आरशात बघत होता.

पोर्चमध्ये गाडी थांबवून तो उतरला आणि बॉनेटला वळसा घालून मालकांच्या दाराकडे निघाला.

काचेआडून काकासाहेबांचा आवाज आला, "सावकाश ये रे. घाई नाय."

कडुबाने चाल आणखी हळू केली आणि डावा पाय ओढत, बॉनेट धरत धरत दारापर्यंत आला.