डाव्या कोपऱ्यातली जाळी

श्यामला दोष दिसायचे. हा त्याचा स्वभाव नव्हे, धंदाच आहे, असं तो म्हणायचा. नीलिमाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, मत जरा वेगळं होतं. पण ते सध्या बाजूला ठेवू.

चाकणच्या एका कार कंपनीत श्याम रंगखात्यात इन्स्पेक्शनला होता. ताजा रंग लागलेली गाडी ट्यूबलाइटच्या लखलखाटात पुढे आली की तो तिच्याभोवती फिरायचा आणि जिथं धुळीचा कण, रंगाचा ओघळ किंवा केसाएवढा ओरखडा दिसेल तिथं पेन्सिलीनं गोल करायचा. पुढच्या टप्प्यावर विलास उभा असायचा. त्यानं ते गोल शोधायचे, बारीक पॉलिश पेपरनं तिथं घासायचं, मशीन फिरवायचं आणि गाडी आरशासारखी करून सोडायची. एकानं खोट काढायची आणि दुसऱ्यानं निस्तरायची, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

दोघं राहायलाही संत तुकाराम नगरात एकाच इमारतीत. श्याम पहिल्या मजल्यावर. विलास तिसऱ्यावर, आपल्या आईबरोबर. सुमनताई लातूरकडच्या. नवऱ्यामागं त्या लेकाकडं आल्या त्या इथल्याच झाल्या. कामाला जाताना विलास श्यामच्या काळ्या गाडीत डाव्या बाजूला बसायचा, आणि मोशी येईपर्यंत दोघांच्या राजकारणावरच्या गप्पा संपून जेवणाच्या डब्यावर यायच्या. गेल्या पावसाळ्यात मोशीच्या पुढं एक कंटेनर डावीकडून असा अंगावर आला, की विलासच्या दाराला त्याची हवा लागली. श्यामनं ब्रेक मारला म्हणून दोघं वाचले. पुढं महिनाभर श्याम त्या ब्रेकची गोष्ट सांगत होता, आणि दर वेळी कंटेनर थोडा मोठा होत होता.

गाडी म्हणजे श्यामचा जीव. काळ्या रंगावर सगळं दिसतं, म्हणून तो गाडी कुणाला धुऊ द्यायचा नाही. गेल्या दसऱ्याला सुमनताईंनी प्रेमानं बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तर हा सणाच्या दिवशी चारचौघांत म्हणाला, "मावशी, रंग खराब होतो. देवघरात करा ना काय करायचं ते." सुमनताई ओशाळल्या. पदरानं कुंकू पुसून वर निघून गेल्या. विलास आईच्या मागोमाग गेला. आणि श्यामला तर आपण काही लागेलसं बोललो हेच कळलं नाही. असल्या माणसांना ते कळत नसतंच.

तर या गाडीच्या बोनेटवर, डाव्या कोपऱ्यात, एका सकाळी श्यामला जाळी दिसली. ऊन पडलं की उन्हाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात, ती. सगळ्या जुन्या गाड्यांवर असते, पण ही सगळीकडं नव्हती. एकाच जागी, बशीएवढी, जणू कुणी बसून घासून केली होती.

रविवारी श्याम कामाला लागला. पार्किंगमध्ये गाडी आधी पाण्यानं धुतली, मग साबणाच्या पाण्यानं, मग मऊ फडक्यानं टिपून घेतली. कडांना चिकटपट्टी लावली, कारण कडेला रंग पातळ असतो. घरच्या छोट्या मशीनला फोमचं पॅड लावलं, त्यावर पॉलिशच्या कंपाउंडचे चार ठिपके दिले आणि हळूहळू, जोर न देता, आडवं-उभं फिरवत राहिला. मध्येच थांबून पत्रा तापला का ते पालथ्या हातानं बघायचा आणि बॅटरीचा झोत तिरका धरून निरखायचा. जेवायला हाका मारून नीलिमा दमली. दुपारपर्यंत जाळी गेली आणि त्या जागी श्यामला स्वतःचं तोंड दिसू लागलं. त्या दिवशी तो बायकोशी प्रेमानं बोलला.

पुढच्या आठवड्यात जाळी परत आली. तिथंच आणि तेवढीच.

आता पॉलिश म्हणजे काही गाडीला लोणी लावणं नव्हे. ओरखडा जातो तो भरून निघत नाही. आजूबाजूचा रंगच तेवढा खाली घासला जातो. वरचा पारदर्शक थर कागदासारखा पातळ. तो एकदा-दोनदा सोसेल, पण रोज कोण सोसेल? श्यामनं पुन्हा मशीन फिरवलं, पण या वेळी जपून, थांबत थांबत. आणि हात थांबला की डोकं चालत होतं.

आधी त्यानं वॉचमनवर संशय घेतला. मग मांजरावर. पण मांजर गोल गोल घासत नाही. तेवढ्यात त्याला वायपरच्या खाचेत राखाडी भुकटी दिसली. चिमूटभर, मऊ. रंगखात्यात वर्षं काढलेल्या माणसाला ती ओळखायला वेळ लागला नाही: पॉलिश पेपरनं घासल्यावर उडते ती भुकटी. अशी भुकटी विलासच्या बाह्यांवर रोज असते.

झालं. संशयाला एवढंसं बोट दिलं की तो हात धरतो. श्यामला एकेक आठवू लागलं. मागच्या वर्षी बढती श्यामला मिळाली, विलासला नाही. तेव्हा त्यानं पेढा घेतला, पण अर्धाच खाल्ला. सकाळी श्याम खाली उतरायच्या आधी विलास गाडीपाशी उभा असतो, तेही नेमका डाव्या बाजूला. परवा गाडीत तो गप्प होता. काल बोलला, पण जरा जास्तच बोलला. म्हणजे गप्प राहिला तरी गुन्हेगार आणि बोलला तरी गुन्हेगार. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं.

नीलिमाला त्यानं हे सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. ती म्हणाली की विलासभावजी तसे नाहीत, आणि तसं असेल तर सरळ विचारा ना. श्याम म्हणाला की विचारल्यावर चोर सावध होतो. आधी पाळत ठेवायची.

म्हणून तो रोज लवकर आवरून जिन्याच्या वळणावर उभा राहू लागला. दूधवाला दोनदा दचकला. पाच-सहा दिवस काहीच झालं नाही. मग शुक्रवारी त्याला हवं होतं ते दिसलं. विलासनं डब्याची पिशवी खाली ठेवली, बोनेटच्या डाव्या कोपऱ्याशी वाकला आणि तिथं बोट फिरवलं. मग ते बोट डोळ्यांजवळ नेलं.

श्याम तीन पायऱ्या एकदम उतरला. विलासच्या बोटावर राखाडी भुकटी होती, आणि बोनेटवर जाळी.

"हे काय आहे बघत होतो," विलास म्हणाला.

"तुला माहीत नाही? रोज हेच करतोस की कंपनीत." श्यामचा आवाज चढला. वॉचमन खुर्चीतून उठला, दूधवाला थांबला. "पेढा गोड लागला नव्हता ना? सरळ सांगायचंस. माझ्या गाडीवर कशाला हात चालवतोस?"

विलास हळू म्हणाला, "तुला खरंच वाटतं, मी असं करीन?"

"वाटत नाही. दिसतंय."

विलासनं बोट रुमालाला पुसलं. खालची पिशवी उचलली आणि आपल्या जुन्या बाईकपाशी गेला. बाईक बराच वेळ सुरू होईना. दूधवाल्यानं धक्का मारला, तेव्हा कुठं ती निघाली.

त्या संध्याकाळी विलास श्यामच्या दाराशी आला. दार नीलिमानं उघडलं. श्यामनं आतूनच तिला खूण केली की आंघोळीला गेलोय म्हणून सांग. आता येणार माफी मागायला, असं त्याच्या मनात होतं, आणि माफी जरा ताटकळून मागितलेली बरी. विलास दारात थोडा थांबला. "सांगायचं होतं थोडं. राहू दे, वहिनी," म्हणाला आणि जिना चढून गेला.

त्यानंतर जाळी आली नाही. श्यामनं तिसऱ्यांदा आणि शेवटचं पॉलिश केलं. थर आता इतका पातळ झाला होता की मशीन बाजूला ठेवून त्यानं नुसत्या हातानं, मऊ फडक्यानं घासलं. आठवडा गेला, दुसरा गेला; बोनेट जसंच्या तसं राहिलं. नीलिमाला तो मोठ्या दिमाखात म्हणाला, "बघ, माणूस गेला आणि ओरखडे गेले. आणखी काय पुरावा हवा?" नीलिमा म्हणाली, "गाडीतल्या गप्पाही गेल्या की." खरंच, मोशीपर्यंतचा रस्ता फार लांब झाला होता. श्याम रेडिओ लावायचा आणि बंद करायचा. कंपनीत तो गोल करायचा, विलास ते घासायचा. दोघांत मध्ये फक्त गाडी असायची.

असाच एक गुरुवार. श्याम कामावरून येऊन गाडीतून डब्याची पिशवी काढत होता. पार्किंगमध्ये मावळतीचं ऊन आडवं येतं, ते विलासच्या बाईकच्या काळ्या टाकीवर पडलं होतं. श्यामची नजर सवयीनं तिथं गेली आणि तिथंच अडकली. टाकीवर जाळी होती. बशीएवढी, गोल गोल.

त्याला आधी बरंच वाटलं, म्हणजे केवढं कोतं मन! बघा, कुणीतरी याच्याही गाडीवर राग काढतंय. मग वाटलं, हा स्वतःच करून आता सगळ्यांना दाखवणार, की बघा, माझंही तेच झालंय. तो खांबाआड उभा राहिला. तेवढ्यात फाटकातून सुमनताई आल्या. गुरुवारची दत्ताची आरती करून परतत होत्या. इकडंतिकडं पाहून त्यांनी कमरेची कागदाची पुडी काढली, चिमूट घेतली, डोळे मिटले आणि बाईकच्या टाकीवर अंगारा लावला. हात जोडले. मग पदराचं टोक घेतलं आणि अंगारा पुसला. चांगला जोर लावून, गोल गोल, भांडं घासावं तसा.

श्याम खांबाआडून बाहेर आला. बाईकशी जाऊन त्यानं टाकीच्या झाकणाच्या खाचेत बोट घातलं. राखाडी भुकटी, चिमूटभर, मऊ. त्यानं बोट नाकाशी नेलं. धुपाचा वास. गेले कित्येक दिवस ही भुकटी त्यानं डोळ्यांनी तपासली होती. एकदा तिचा वास घ्यावा, हे त्याच्या हुशार डोक्यात आलं नव्हतं.

"मावशी, माझ्या गाडीला तुम्हीच लावत होता?"

सुमनताई घाबरल्या. पुडी पदराआड गेली. "व्हय बाबा. तो कंटेनर अंगावर आला तवापासून. माझं लेकरू त्या बाजूला बसायचं ना."

"आणि पुसत का होता?"

"तुला चालत न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला बोललास की रंग खराब होतो म्हून. मंग मी दर गुरुवारी आरतीवरनं येताना लावायची आन् तू खाली यायच्या आत लखलखीत पुसून टाकायची. राखेनं तर भांडीबी निघत्यात चकचकीत. वंगाळ व्हतंय हे मला कुठं ठावं? आता हाताला पुसायची सवयच लागलीया."

लावून तसाच सोडला असता तर अंगारा दुपारपर्यंत वाऱ्यानं उडून गेला असता, एक ओरखडाही न पडता. पुसायला श्यामनंच शिकवलं होतं. त्याला हे सगळं एका क्षणात कळलं.

विलासला हे माहीत आहे का, असं त्यानं विचारलं. सुमनताईंनी सांगितलं की त्या शुक्रवारी लेक घरी आला, जेवला नाही, आणि मग सगळं बोलला. तेव्हा त्यांनीच रडत रडत कबूल केलं. तो लगेच खाली गेला होता सांगायला. तू आंघोळीला होतास म्हणे.

श्याम तसाच तिसरा मजला चढला. विलासनं दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. श्यामनं हात जोडून माफी मागितली. त्यात काही राखून ठेवलं नाही, आंघोळीचं निमित्त खोटं होतं हेही कबूल केलं. विलासनं ऐकून घेतलं. म्हणाला, जाऊ दे राव, होतं असं. मग श्याम म्हणाला की उद्यापासून गाडीतच चल. विलास भिंतीकडं बघत म्हणाला, "नको. बाईकच बरी पडते आता." आवाजात राग नव्हता. राग असता तर श्यामला तिथं धरायला काहीतरी मिळालं असतं.

खाली उतरताना त्याला जिन्यात सुमनताई भेटल्या, गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढत होत्या. त्यानं त्यांचा हात धरला. म्हणाला, "मावशी, माझ्या गाडीला लावत जा. पुसू नका, नुसता राहू द्या. कुंकूही लावा."

त्यांनी मान हलवली. "न्हाई बाबा. विलासनं शपथ घातलीया, श्यामच्या गाडीला हात लावायचा न्हाई म्हून." पुढची पायरी चढून त्या थांबल्या. "आधी तुमा दोघांचं नाव घेऊन लावायची मी. आता एकाचंच घेती."

श्यामची गाडी आजही त्या इमारतीत सगळ्यांत देखणी आहे. बोनेटवर डाव्या कोपऱ्यात बघाल तर आरसा. दर शुक्रवारी सकाळी, निघायच्या आधी, तो तिथं वाकतो, बॅटरी तिरकी धरतो आणि एखादा तरी ओरखडा दिसतो का बघतो. वायपरच्या खाचेतही बोट फिरवतो. मग गाडीत बसतो, डाव्या सीटवर आपला डबा ठेवतो आणि कंपनीत जातो.