दोघांना बसेल असा कोट

काकूंनी अंगातला कोट काढला आणि लगेच काकांना चढवला.

“खांद्यात आवळतोय,” काका म्हणाले.

“पोट आत घ्या, सैल होईल.”

“अगं, सहा महिने पोट आत घेऊन राहू?”

थंडीचे कपडे भाड्याने देणारं ते दुकान. गिऱ्हाईक कोणत्या देशात चाललंय, कशाला चाललंय, हे कळल्याशिवाय दुकानवालीला चैन पडत नसे. शिकायला जाणारी मुलं आत शिरताच भाडं विचारत. कंपनीच्या पैशाने जाणारे ते शेवटी विचारत, तेही पावतीपुरतं. पण दोघांत मिळून एकच कोट मागणारं हे उतारवयातलं जोडपं काही तिच्या हिशेबात बसेना. अर्धं कपाट उपसून झालं, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

“जाणार कोण, तुम्ही की काका?”

“दोघंही.”

“मग कोट दोन नकोत का?”

“एकदम कुठे जातोय?” काकू बटणं लावून बघत म्हणाल्या. “लेकीला बाळ झालंय. तिकडे पाळणाघरालाच तिचा निम्मा पगार जातो. आणि आम्हाला सहा महिन्यांच्या वर राहू देत नाहीत. दोघं एकदम गेलो तर सहा महिन्यांत खेळ खलास. आधी मी, मग हे, म्हणजे वर्ष निघतं.”

“आणि मग?”

“मग परत मी. बाळ शाळेत जाईपर्यंत.”

दुकानवालीला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. तिने आतून आणखी एक कोट आणला.

“हा काकांना मापात बसेल. एकाच्या भाड्यात दोन्ही न्या.”

काकांनी खुशीत हात पुढे केला. काकूंनी तो कोट घडी घालून बाजूला सरकवला.

“नको. एकच द्या.”

“अगं, त्या फुकट देताहेत!”

“लेक स्वस्तातली तिकिटं शोधते,” काकू दुकानवालीलाच सांगू लागल्या. “मला सोमवारी परतीच्या विमानात बसवून देईल, हे पोचतील गुरुवारी. मधे जावई रजा काढतील. पण कोट एकच आणि तोही माझ्या अंगावर म्हटल्यावर तिला एकाच दिवसाची तिकिटं काढावी लागतील. हे उतरले की मी निघणार. कोट द्यायला तरी भेट होईल.”

काका कोट घालून तसेच उभे राहिले. काकूंकडे न बघता त्यांनी दुकानवालीला विचारलं,

“तिकडच्या विमानतळावर बसायला बाकं असतात ना हो?”