मालनची बिनधुराची चूल

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे, असं मढ गावात जेवायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. मी जेमतेम सहा वर्षांची आहे. अंगाला शेणमाती लिंपून आणि वर गेरूचे पट्टे ओढून मला म्हातारी केलंय. आतून मी पत्र्याचं पिंप आणि भट्टीच्या विटा आहे, आणि मला बांधणारा माणूस गिरणीत फिटर होता. त्याचं नाव सहदेव.

गिरणी बंद पडल्यावर तो एका बंगल्याची राखण करायला मढला आला. पुढे मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि अंगण घेऊन इथलाच झाला. त्याची बायको मालन अंगणात तीन दगड मांडून वडे-सागोती रांधायची. शूटिंगची माणसं, शनिवार-रविवारचे पाहुणे तिच्या हातचं जेवून बोटं चाटत जायचे. मालन मात्र खोकायची. पाहुण्यांना कळू नये म्हणून तोंड फिरवून खोकायची. एका मे महिन्यात ती खोकता खोकता अंगणातच खाली बसली आणि तिला उठता येईना. त्या दिवशी सहदेव तिला आत निजवून त्या तीन दगडांसमोर येऊन बसला, आणि तिथून माझा जन्म झाला.

त्याने महिनाभर नुसता विचार केला. लाकूड जिथून आत जातं ते माझं तोंड, जिथे जळतं तो आडवा घसा, जाळ जिथून वर चढतो ते उभं धुराडं. या तिन्ही जागांची पोकळी एकाच मापाची हवी, असं तो म्हणायचा. पाच इंच बाय पाच इंच. कुठे रुंद झालं की जाळ रेंगाळतो, कुठे अरुंद झालं की धूर मागे फिरतो. आडवा घसा आठ इंच, म्हणून धुराडं चोवीस. तिप्पट उंची मिळाली की आत ओढ तयार होते आणि धूर बाहेर पडायच्या आधीच जळून जातो. तोंडात त्याने पत्र्याची फळी बसवली. फळीवर काटक्या, खालून हवा. विटा आणि पिंप यांच्यामध्ये राख भरली, कारण राख उष्णता बाहेर पळू देत नाही. ती मालनच्या तीन दगडांखालचीच होती, चाळून वाळवलेली, चार पाट्या.

आणि पहिल्याच दिवशी मी नापास झाले. टोप माझ्या माथ्यावर सपाट टेकला आणि सगळा धूर पुढून मालनच्या अंगावर आला.

"तुमच्या चुलीपरास माजे तीन दगड बरे," ती डोळे पुसत म्हणाली.

सहदेवने टोप उतरवला. खडू घेऊन फरशीवर बसला. पोकळी पंचवीस चौरस इंच, तिचा घेर वीस इंच. पंचविसाला विसाने भागलं की सव्वा. म्हणजे जाळाला टोपाखालून बाहेर पडायला सव्वा इंचाची फट हवी. त्याने माझ्या माथ्यावर सव्वा इंच उंचीचे तीन बोल्ट बसवले आणि टोप त्यांच्यावर ठेवला.

सुरूच्या मूठभर काटक्यांवर भात झाला. मालनने टोप उतरवला, बुडावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं. काजळी नव्हती.

"धूर खंय गेलो?"

"जळून गेला," सहदेव म्हणाला.

मित्रांनो, माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही. मालन दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो टोप उलटा करून दाखवत होती. पुढची चार वर्षं ती माझ्यासमोर ताठ उभी राहून रांधायची. पहिल्याच दिवाळीपर्यंत तिचा खोकला थांबला. वर्सोव्याहून फेरीबोटीने येणाऱ्या बाया माझ्या आत डोकावून जायच्या, आणि सहदेव त्यांना न विचारता सगळी मापं सांगायचा. मला त्याचा कंटाळा कधीच आला नाही.

मग देवव्रत नावाचा पाहुणा आला. जेवणाचे व्हिडिओ करणं हा त्याचा धंदा. फोन रोखून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"काकू, चूल पेटवा ना. शॉट घ्यायचाय."

"पेटलेलीच आसा."

"धूर कुठाय मग? यार, हे तर गॅससारखं दिसतंय."

त्याने तसंच सांगून टाकलं सगळ्या जगाला. बोर्डावर चूल, आत गॅस. माझ्या पोटात काटक्या जळत असताना मी गॅस ठरले. पाहुण्यांचे फोन कमी झाले. ते फोन घ्यायचं काम मुलाचं, सुबोधचं. अंधेरीच्या ऑफिसातून येऊन तो बापाच्या मागे लागला.

"बाबा, वाट लागली. तीन शनिवार अंगण रिकामं आहे. लोकांना धूर बघायचाय ना, थोडा दाखवूया."

"धूर दाखवायचा तर मग मी हे कशासाठी केलं?"

"तुम्ही झकासच केलंय. पण ते दिसत नाही ना."

"तिला हात लावायचा नाही," सहदेव म्हणाला. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

पण आपल्या हातचं जेवण खोटं म्हणतात, हे मालनला खोकल्यापेक्षा जास्त लागलं होतं. सहदेव गावच्या जत्रेला गेला, तेव्हा तिनेच सुबोधला हाक मारली. "फोड रे बाबा. पावने तरी येवंदेत."

सुबोधने पत्रा-विटा कापायचा ग्राइंडर आणला. चोवीस इंचांचं धुराडं नऊ इंचांवर आणलं. तोंड दुप्पट फोडलं, म्हणजे ओंडका मावावा आणि जाळ बाहेर दिसावा. बोल्ट उपटले, कारण नवी मोठी हंडी त्यांच्यावर डुगडुगत होती. मग शेण, गेरू आणि नवा बोर्ड लागला: 'आजीची जुनी चूल'. मालनला नातवंडंसुद्धा नाहीत. पहिल्या ओंडक्याबरोबर मी भसाभसा धूर ओकले, आणि तो व्हिडिओत फार सुंदर दिसला म्हणे.

सहदेव परतला तो रविवारी दुपारी. अंगणात चौदा माणसं जेवत होती. तो माझ्यासमोर वाकला, खिशातून टेप काढली आणि माझं तोंड मोजलं. दहा इंच. मागे मालन डोळे पुसत पुसत हसत होती, कुणीतरी तिच्या सागोतीची तारीफ करत होतं. मला पुन्हा उभी करायला सहदेवला एक दिवस पुरला असता. त्याने टेप खिशात टाकली, हात धुतले आणि वाढायला लागला. सुबोधवर माझा राग नाही, त्याला यातलं काही कळत नव्हतं. सहदेवला सगळं कळत होतं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मालन माझ्याजवळ येत नाही. मालाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं निम्मी गेली, धुराचं नावही काढू नका. ती आत खिडकीशी बसते आणि संडासापर्यंत जाताना दोनदा थांबते. माझ्यासमोर आता जयंती उभी असते. गल्लीतलीच, तिशीची, हाताला चव असलेली बाई. गणपतीपासून तीही खोकायला लागली आहे.

"माझा झाला ता झाला," मालन सहदेवला म्हणाली. "तिका तरी चूल नीट बांधून द्या."

"शनिवारी बावीस जण आहेत. ते होऊ दे, मग बघू."

असे पाच शनिवार होऊन गेले. मालनने आता खिडकी लावून घेतली आहे. आत धूर येतो, असं ती सांगते. मला माहीत आहे, तिला जयंतीचा खोकला ऐकवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, आमची काळजी घ्या. मला माझ्यासाठी काही नको. विटांना दम लागत नाही. तुम्ही कधी चुलीवरचं जेवायला आलात, तर ताट पुढे ओढण्याआधी एवढंच म्हणा, आम्हाला धूर नको. तुमचं सहदेव ऐकेल. मालनचं त्याने ऐकलेलं नाही.