वरची मूठ

बटाट्याची नखं निळसर दिसताहेत, हे आधी मावशीलाच दिसलं होतं. रोपांवरच्या हिरव्या जाळीतून उजेडच तसा पडतो, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि पाण्याचं पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं.

बटाटा म्हणजे तिच्या भाचीचं तान्हं पोर. भाचीला दूध उतरेना, नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून ती बाळाला घेऊन मावशीच्या रोपवाटिकेत राहायला आली होती. डब्यातली भुकटी विहिरीच्या पाण्यात कालवून बाळाला पाजायची. आणि पाणी उकळायच्या बाबतीत मावशी म्हणजे भारीच काटेकोर! पातेलं निम्मं आटल्याशिवाय बाईचा जीव भांड्यात पडायचा नाही.

"पाणी करतेस की काढा?" भाची चिडवायची.

"तू गप गं. तान्ह्याच्या पोटात जायचंय ते."

विहीर मावशीच्या नवऱ्यानं खणून घेतलेली. माणूस जाऊन बरीच वर्षं झाली, पण वाटिकेत राज्य अजून त्याचंच. गोदामात खुंटीला त्याची टोपी, खताच्या पोत्यात खुपसलेला त्याचा पत्र्याचा डबा. डब्यानं मापून खत घातलं की तो हातानं वर एक मूठ सोडायचा. "मापाची पोटाला, वरची मायेची," म्हणायचा. तो गेल्यावरही मावशीनं ती वरची मूठ टाकायचं सोडलं नाही. खत टाकताना आपल्या बोटांवर त्याची बोटं आहेत असं तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्या एका क्षणासाठीच ती दिवस ढकलत होती.

दुसऱ्या दिवशी बाळाचे ओठ निळे पडले. पोर रडेना की हलेना, नुसतं टकामका बघत राहिलं. भाचीनं किंकाळी फोडली. मावशीनं रोपांचा टेम्पो तसाच काढला, मागं कुंड्या एकमेकींवर आपटून फुटत होत्या, आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याला शिव्या देत होती, एवढ्या लांब कुठं वाटिका काढलीत म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी निळ्या पोराच्या शिरेत निळंच औषध सोडलं. मग विचारलं, "दुधाला पाणी कुठलं?"

"विहिरीचं. पण उकळलेलं हं! चांगलं निम्मं आटवून," मावशी जरा तोऱ्यातच म्हणाली.

"उकळून जंतू मरतात, आजी. जमिनीतून विहिरीत झिरपलेलं खत कुठं जाणार? त्यानंच तान्ही पोरं अशी निळी पडतात. पाणी उडून जातं, खत आहे तेवढंच राहतं. तुम्ही जितकं आटवलंत..."

थोड्या वेळानं बटाटा गुलाबी झाला आणि त्यानं असं भोकाड पसरलं की सारा दवाखाना हसला. भाची हसता हसता रडली. मी पाजलं, एवढंच मावशीच्या डोक्यात घुमत होतं.

आठवड्यानं पाणी तपासणारा माणूस आला. मावशीनं गोदामाला कुलूप ठोकून किल्ली त्याच्यापुढं धरली.

"आता चिमूटभरही घालणार नाही. विहीर कधी सुधारेल?"

तो घुटमळला. "बाई, इथली जमीन फार सावकाश झिरपते. आज विहिरीत आलंय ते वीसेक वर्षांपूर्वी टाकलेलं."

वीस वर्षांपूर्वी. म्हणजे ह्यांचा हात.

"आणि हे गेल्यावर मी टाकलं ते?"

"ते अजून वाटेत आहे."

त्या रात्री ती झोपली नाही. पायाखाली कुणीतरी हळूहळू उतरतंय असं तिला वाटत राहिलं, आणि ते कुणाचं पाऊल हे आता तिला ठाऊक होतं.

सकाळी भाची सामान बांधून निघाली. राग कसला तिला? उलट गळ्यातच पडली. "विहीर नीट झाली की येतो आम्ही. हा इथंच हुंदडेल बघ, काकांच्या झाडांत."

"नको आणूस," मावशी म्हणाली.

"अगं, असं काय करतेस?"

"तुझ्या काकांचं आत्ताशी पोचलंय. माझं यायचंय अजून."

भाचीच्या कडेवरून बटाट्यानं हात लांब केला आणि मावशीचं बोट मुठीत घट्ट धरलं. नखं छान गुलाबी होती. मावशीनं ती एकेक करून पाहिली, आणि मग आपलं बोट सोडवून घेतलं.